थंडीचा कारागीर

*दूरच्या धुळीतून आणि ग्रहांतून येणारी क्षीण उष्णता पाहायची, तर पाहणारी दुर्बीण आधी गार करावी लागते. फ्रँक लो या भौतिकशास्त्रज्ञाने आयुष्यभर हेच काम केलं. उतारवयात मात्र त्यांनी याच कामाची रूढ पद्धत उलटी फिरवली.*

१५ मे २००९ रोजी स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीतला द्रवरूप हेलियम संपला. पृथ्वीच्या मागे राहून सूर्याभोवती फिरणाऱ्या या दुर्बिणीला त्याने जवळजवळ पावणेसहा वर्षं गार ठेवलं होतं. आदल्याच दिवशी फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून युरोपची हर्शेल दुर्बीण स्वतःचा हेलियम घेऊन अवकाशात गेली होती. त्यानंतर महिना उलटायच्या आत, ११ जूनला, अ‍ॅरिझोनातल्या ट्युसान शहरात फ्रँक लो यांचं निधन झालं. ते पंचाहत्तर वर्षांचे होते.

खगोलशास्त्राचा इतिहास आपण शोधांच्या क्रमाने वाचतो. ग्रह कुणी शोधला, तेजोमेघ कुणी पाहिला, दीर्घिकेचं अंतर कुणी मोजलं हे आपल्याला ठाऊक असतं. ज्या उपकरणामुळे हे शक्य झालं ते कुणी बनवलं, ही माहिती बहुतेक वेळा तळटीपेत जाते. लो यांच्या नावावर शोध आहेतच. मृग नक्षत्रातल्या एका तेजोमेघाला त्यांचं नाव आहे. तरीही त्यांचं खरं कर्तृत्व उपकरणांत होतं. अवरक्त खगोलशास्त्र ही शाखा आज ज्या रूपात उभी आहे, तिच्या पायातले अनेक दगड त्यांनी स्वतः घडवले. त्या घडणीची ही हकिकत.

पाहणारी वस्तूच प्रकाशते तेव्हा

१८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाश पाडला आणि वेगवेगळ्या रंगांत तापमापक ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, पण तिथला तापमापक सर्वांत जास्त चढला. अवरक्त प्रारणाची ही पहिली नोंद. शोध मोठा होता, पण खगोलशास्त्रज्ञांना त्याचा पुरता उपयोग करून घ्यायला दीडशेहून जास्त वर्षं लागली. कारण साधं होतं आणि दूर करायला अतिशय कठीण होतं.

प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार प्रारण बाहेर टाकते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्विन तापमानाचा आहे, म्हणून तो डोळ्यांना दिसेल असा प्रकाश देतो. खोलीतल्या वस्तू साधारण ३०० केल्विनच्या असतात आणि त्यांचं प्रारण १० मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सर्वांत जोरदार असतं. दुर्बिणीचा आरसा, तिचा सांगाडा, वेधशाळेचा घुमट, माथ्यावरची हवा आणि शेजारी उभा असलेला निरीक्षक हे सगळे त्या तरंगलांबीत अखंड प्रकाशत असतात. आकाशातून येणारा संदेश या झगमगाटापेक्षा लाखो पट क्षीण असू शकतो. दृश्य प्रकाशात रात्री अंधार पडतो. दहा मायक्रॉनमध्ये पृथ्वीवर अंधार कधीच पडत नाही.

तरीही तिथेच पाहायला हवं होतं, कारण तारे धुळीच्या ढगांत जन्मतात. धूळ त्यांचा दृश्य प्रकाश गिळते, तापते आणि तीच ऊर्जा अवरक्तात परत टाकते. ग्रह थंड असतात, त्यांचं स्वतःचं प्रारण अवरक्तातच येतं. फार दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश विश्वाच्या प्रसरणामुळे ताणला जाऊन अवरक्तात पोहोचतो. विश्वातली जन्माची, बालपणाची आणि आडपडद्याची बहुतेक दृश्यं याच पट्ट्यात आहेत.

अडथळे दोन होते. एक हवेचा: तिच्यातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बरंचसं अवरक्त प्रारण अडवतात आणि स्वतःही प्रकाशतात. त्यावर उपाय म्हणजे उंच जाणं. दुसरा अडथळा उपकरणाच्या स्वतःच्या उष्णतेचा. त्यावर एकच उपाय, उपकरण गार करणं. लो यांनी दोन्ही वाटा धरल्या.

सूर्यातला वायू, जमखंडीतलं ग्रहण

इतकं गार करण्यासाठी हेलियमला पर्याय नाही. या वायूच्या ओळखीची हकिकत आपल्या भागातून जाते. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. गुंटूर इथे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सेन होते. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटमापक लावून बसले होते. अवरक्त किरण शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे हे नातू. ग्रहणाच्या त्या मिनिटांत सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांमधल्या तेजस्वी रेषा अनेकांनी पाहिल्या. नॉर्मन लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाशिवाय, इंग्लंडमधून त्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्यातली पिवळी रेषा ज्ञात मूलद्रव्यांपैकी कशाशीच जुळत नव्हती. त्यातून हेलियमची कल्पना पुढे आली.

विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात आणि हेलियमचा शोध तिथे लागल्याचं सांगतात. लॉकियर विजयदुर्गला खरोखरच आले होते, पण ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. ‘मेलपोमिनी’ या ब्रिटिश युद्धनौकेच्या खलाशांना त्यांनी निरीक्षणाची कामं वाटून दिली होती. तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडला होता. विल्यम रॅम्झी यांनी १८९५ मध्ये तो एका खनिजातून वेगळा केला. कोकणातल्या त्या किल्ल्याचा मान खरा इतिहास सांगितल्याने कमी होत नाही. सूर्याच्या अभ्यासातला एक मोठा वेध तिथून घेतला गेला, हे पुरेसं गौरवाचं आहे.

१० जुलै १९०८ रोजी हॉलंडमधल्या लायडन इथे हाइके कामरलिंग ओनेस यांनी हेलियम द्रवरूप केला. तो ४.२ केल्विनला, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसला उकळतो. त्यावरचा दाब कमी केला तर तो आणखी गार होतो आणि २.१७ केल्विनच्या खाली अतिप्रवाही बनतो. मग त्याला अंतर्गत घर्षण जवळजवळ उरत नाही आणि उष्णता तो विलक्षण वेगाने वाहून नेतो.

या द्रवाने गार करण्याची रीत आपल्या घरातल्या माठाचीच आहे. पाणी झिरपतं, वाफ होतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. हेलियमही बाष्प होताना उष्णता नेतो. फरक इतकाच की माठ पुन्हा भरता येतो. अवकाशात नेलेली टाकी एकदा रिकामी झाली की झाली. म्हणून अतिशीत तंत्रज्ञानातला कळीचा प्रश्न ‘किती गार करता येईल’ एवढाच नसतो. बाहेरून आत येणारी उष्णता कुठून आणि किती येते, हा त्याहून मोठा प्रश्न असतो.

क्रायोजेनिक म्हटलं की मराठी वाचकाला इस्रोचं इंजिन आठवतं. तिथे सुमारे २० केल्विनचा द्रवरूप हायड्रोजन काही मिनिटांत जाळायचा असतो. इथे त्याच्या दहाव्या हिश्शाचं तापमान वर्षानुवर्षं सांभाळायचं असतं, तेही हाताने दुरुस्ती करता येणार नाही अशा ठिकाणी.

जर्मेनियमचा तुकडा

फ्रँक लो यांचा जन्म १९३३ साली अलाबामातल्या मोबील शहरात झाला. ते ह्यूस्टनमध्ये वाढले. येल विद्यापीठातून पदवी घेऊन त्यांनी १९५९ मध्ये राइस विद्यापीठातून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि डॅलसमधल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत रुजू झाले. अर्धवाहकांचा तो काळ. कंपनीकडे उत्तम जर्मेनियम होतं आणि लो यांना अतिशीत तापमानाच्या भौतिकीची ओढ होती.

जर्मेनियममध्ये गॅलियमचे अणू मोजून मिसळले की द्रवरूप हेलियमच्या तापमानाला त्याचा विद्युतरोध तापमानाबरोबर फार झपाट्याने बदलतो. त्यामुळे ते तापमापक म्हणून उपयोगी पडतं. लो यांनी पुढचं पाऊल टाकलं. तापमानातला इतका बारीक फरक कळत असेल, तर या तुकड्यावर पडलेल्या प्रारणाने होणारी किंचित वाढही कळेल. प्रारणाने तापणारा आणि रोधातून ते सांगणारा संवेदक म्हणजे बोलोमीटर. सॅम्युएल लँग्ली यांनी तो एकोणिसाव्या शतकातच बनवला होता. लो यांनी त्याला हेलियमच्या तापमानाला आणलं आणि १९६१ मध्ये त्याची रचना व कामगिरी प्रसिद्ध केली.

गार केल्याने फायदा दुहेरी होतो. पहिला, स्फटिकाची उष्माधारकता तापमानाच्या घनाच्या प्रमाणात घटते. तापमान दहापट कमी केलं तर ती हजारपट कमी होते, म्हणून तेवढ्याच प्रारणाने तो तुकडा पुष्कळ जास्त तापतो. दुसरा, तुकड्यातल्या अणूंची स्वतःची धडपड मंदावते आणि तिचा गोंगाट क्षीण संदेशाला बुडवत नाही. बारीक तारांवर, निर्वातात, सुमारे २ केल्विनला टांगलेला जर्मेनियमचा हा कण मायक्रॉनपासून मिलिमीटरपर्यंतच्या तरंगलांबी टिपू शकत होता.

संवेदक झाला, आता त्याला गार ठेवणारं भांडं हवं होतं. त्याला ड्युअर म्हणतात. सर जेम्स ड्युअर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निर्वात भिंतीचं भांडं बनवलं, त्यांच्यावरून हे नाव पडलं. प्रयोगशाळेतले ड्युअर टेबलावर स्थिर उभे असत. दुर्बीण आकाशाबरोबर फिरते, कलते. तिच्यावर बसणारा, बाहेर द्रवरूप नायट्रोजन आणि आत द्रवरूप हेलियम असलेला, पुढे लहानशी खिडकी असलेला आटोपशीर ड्युअर लो यांनी विकसित केला. निरीक्षक तो दुर्बिणीला जोडून रात्रभर काम करू शकत होता.

ट्युसानमधलं दुकान

टेक्सासहून लो वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँक रेडिओ वेधशाळेत गेले. मिलिमीटर तरंगलांबीसाठी मोठी दुर्बीण हवी असा आग्रह त्यांनी धरला आणि त्यातून अ‍ॅरिझोनातल्या किट पीकवर ३६ फुटी दुर्बीण उभी राहिली. याच दुर्बिणीवर १९७० मध्ये दुसऱ्या गटाने, निराळ्या प्रकारचा ग्राहक वापरून, ताऱ्यांमधल्या पोकळीतला कार्बन मोनॉक्साइड शोधला. १९६५ च्या सुमारास लो ट्युसानमध्ये, अ‍ॅरिझोना विद्यापीठात, जेरार्ड कायपर यांच्या चंद्र व ग्रह प्रयोगशाळेत आले.

इथे त्यांची दशकभराची झपाट्याची कामगिरी सुरू झाली. गुरू सूर्याकडून जितकी ऊर्जा घेतो त्याहून बरीच जास्त बाहेर टाकतो, हे त्यांनी दाखवलं. हा ग्रह आजही आतून थंड होत आकुंचन पावतो आहे, हे त्यामुळे कळलं. १९६७ मध्ये डग्लस क्लाइनमन यांच्यासोबत त्यांनी मृगातल्या तेजोमेघामागे दडलेला, केवळ अवरक्तात दिसणारा ढग शोधला. त्यात तारे जन्म घेत आहेत. खगोलशास्त्रज्ञ आज त्याला क्लाइनमन–लो तेजोमेघ म्हणतात. १९७० मध्ये जॉर्ज रीकी हे तरुण संशोधक त्यांच्याकडे आले. काही दीर्घिका आपली बहुतांश ऊर्जा अवरक्तातच टाकतात, हे या दोघांनी दाखवलं.

हवेचा अडथळा कमी करण्यासाठी लो विमानात चढले. नौदलाच्या एका बाँबर विमानात त्यांनी लहानशी दुर्बीण नेली. मग नासाच्या लिअरजेट विमानात ३० सेंटिमीटरची दुर्बीण बसवली. सुमारे १५ किलोमीटर उंचीवर, तोंडावर प्राणवायूचे मुखवटे चढवून निरीक्षक काम करत. गुरू आणि शनी दोघेही मिळते त्याहून जास्त ऊर्जा देतात, याची मोजमापं ऑमन, गिलेस्पी आणि लो यांनी १९६९ मध्ये या विमानातून घेतली. त्याच अनुभवावर पुढे ९१ सेंटिमीटरची कायपर उडती वेधशाळा उभी राहिली आणि १९९५ पर्यंत चालली.

या सगळ्याइतकीच महत्त्वाची गोष्ट १९६७ मध्ये घडली. लो यांनी ट्युसानमध्ये इन्फ्रारेड लॅबोरेटरीज ही लहान कंपनी सुरू केली. आपले बोलोमीटर आणि ड्युअर ते इतरांना विकू लागले. घेणारे बहुधा त्यांचेच प्रतिस्पर्धी असत. संशोधनात पुढे राहण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे चांगलं उपकरण स्वतःकडेच ठेवणं. लो यांनी नेमकं उलट केलं. त्यामुळे कुठल्याही विद्यापीठातला संशोधक तयार, भरवशाचं उपकरण मागवू शकला. एका प्रयोगशाळेची करामत सगळ्या शाखेची साधनसंपत्ती झाली. मला लो यांच्या आयुष्यातली ही कृती एखाद्या शोधाइतकीच मोठी वाटते, कारण विज्ञानाची शाखा एका माणसाच्या हुशारीवर उभी राहत नाही. ती अनेकांच्या हाती सारखं साधन आल्यावर उभी राहते.

दहा महिन्यांचा आयरास

विमानाच्या वर अग्निबाण होता. अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेने सत्तरच्या दशकात हेलियमने गार केलेल्या लहान दुर्बिणी अग्निबाणांतून पाठवून आकाश चाळलं, पण प्रत्येक उड्डाणात मिनिटंच हाती येत. काही महिने गार राहणारा उपग्रह हवा होता. अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी मिळून तो बनवायला घेतला. त्याचं नाव आयरास.

एक अडचण भौतिकीच्या मुळाशीच होती. पृथ्वीवर टाकीतला द्रव खाली राहतो आणि बाष्प वर येऊन नळीतून बाहेर पडतं. कक्षेत वर-खाली नसतं. नळी उघडली तर बाष्पाबरोबर द्रवही निघून जाईल. यावरचं उत्तर अतिप्रवाही हेलियमच्याच एका विचित्र गुणात सापडलं. सूक्ष्म छिद्रं असलेल्या पदार्थाचा बोळा टाकीच्या तोंडाशी बसवला की बाहेरची बाजू बाष्पीभवनाने किंचित गार होते. अतिप्रवाही द्रवाला उष्ण बाजूकडे ओढ असते. म्हणून तो आत, टाकीकडे खेचला जातो आणि बाहेर फक्त बाष्प जातं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सेल्झर, फेअरबँक आणि एव्हरिट यांनी ही युक्ती सत्तरच्या दशकाच्या उंबरठ्यावर सिद्ध केली. हलणारा एकही भाग नसलेल्या त्या बोळ्यावर पुढच्या अनेक मोहिमा उभ्या राहिल्या.

आयरासची दुसरी अडचण लो यांच्या दारात आली. दुर्बिणीच्या नाभितलावर ६२ संवेदक होते. त्यांचे सूक्ष्म विद्युतसंदेश वाढवणारे ट्रान्झिस्टर त्या थंडीत भरवशाने चालेनात. दुसऱ्या प्रकारचे ट्रान्झिस्टर चांगले होते, पण त्यांना चालायला बरीच ऊब लागते, आणि शेजारी तर दोन-तीन केल्विनची थंडी राखायची होती. लो यांनी त्यांना उष्णता बाहेर न झिरपेल अशा बारीक आधारांवर टांगलं. ट्रान्झिस्टर आपापल्या उबेत चालत राहिले आणि काही मिलिमीटरवरचे संवेदक गार राहिले. अतिशीत तंत्रज्ञानाचं मर्म या लहानशा जुळणीत दिसतं. जिथे ऊब लागते तिथे ती असू द्यायची, पण तिला शेजारी जाऊ द्यायचं नाही.

२५ जानेवारी १९८३ रोजी आयरास कक्षेत गेला. त्याचा आरसा ५७ सेंटिमीटरचा होता. नोव्हेंबरमध्ये हेलियम संपेपर्यंत त्याने आकाशाचा ९६ टक्के भाग पाहिला. अभिजित ताऱ्याभोवती धुळीचं कडं सापडलं. इतर ताऱ्यांभोवती ग्रह घडवण्याजोगं साहित्य असतं, याचा हा ठळक पुरावा होता. लो आणि सहकाऱ्यांनी आकाशभर पसरलेल्या विरळ, पिंजारलेल्या धुळीची नोंद केली. तिला ‘अवरक्त सायरस’ म्हणतात. १९८६ चं रम्फर्ड पारितोषिक लो यांना जेरी नॉयगेबावर आणि रॉबर्ट लेटन यांच्यासह मिळालं.

गार न करता पाठवा

आयरास आकाश चाळून थांबला. नेमक्या जागी रोखून, वर्षानुवर्षं पाहील अशी मोठी दुर्बीण पुढे हवी होती. हीच पुढची स्पिट्झर. नासाच्या मनात ती आधी स्पेस शटलमध्ये बसवायची होती, मग ती स्वतंत्र उपग्रह झाली. १९८४ मध्ये तिच्या वैज्ञानिकांची निवड झाली, त्यांत लो होते. रूढ आराखडा आयराससारखाच होता. अख्खी दुर्बीण एका प्रचंड ड्युअरमध्ये बसवायची, जमिनीवरच गार करायची आणि तशीच वर न्यायची. या आराखड्यात ३,८०० लिटर हेलियम लागत होता, वजन पाच टनांच्या वर जात होतं आणि अंदाजित खर्च दोन अब्ज डॉलरच्या पुढे. १९९१ मध्ये अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांच्या दशवार्षिक आढाव्याने या दुर्बिणीला अग्रक्रम दिला, पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नासाचे खिसे आवळले गेले आणि मोहीम रद्द होण्याच्या काठाला आली.

इथे लो यांनी आपल्याच आयुष्यभराच्या पद्धतीकडे पुन्हा पाहिलं. एवढा मोठा ड्युअर कशासाठी? जमिनीवर दुर्बीण गार केली तर तिच्यावर हवा गोठून बसेल, म्हणून तिला निर्वात, भक्कम कवचात ठेवावं लागतं. म्हणजे वजनाचा मोठा हिस्सा अवकाशासाठी नसून उड्डाणाआधीच्या दिवसांसाठी होता. अवकाश तर मुळातच निर्वात आणि थंड. मग दुर्बीण खोलीच्या तापमानालाच पाठवावी. वर गेल्यावर ती आपली उष्णता काळ्या आकाशात टाकून बरीचशी आपोआप गार होईल. हेलियमची छोटी टाकी फक्त उपकरणांना वेढेल आणि तिच्यातून निघणारं थंड बाष्प दुर्बिणीला उरलेलं अंतर खाली आणील.

या विचाराला आणखी एक जनक आहे. एडिनबरा वेधशाळेतले टिम हॉवर्डन ऐंशीच्या दशकापासून प्रारणाने गार होणाऱ्या दुर्बिणींचा आग्रह धरत होते. लो यांचं श्रेय कल्पनेइतकंच तिच्या जुळणीत आहे. ठरलेल्या मोहिमेत, मोडकळीस आलेल्या अंदाजपत्रकात, सहकाऱ्यांना पटेल असा पुरता आराखडा त्यांनी मांडला. जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतल्या जॉनी क्वोक यांनी सुचवलेली कक्षा त्याला पूरक ठरली. पृथ्वी स्वतःच उष्ण आहे, म्हणून दुर्बीण तिच्याभोवती फिरवायचीच नाही. ती पृथ्वीमागून सूर्याभोवती फिरेल आणि हळूहळू दूर जात राहील.

प्रारणाने निघणारी उष्णता तापमानाच्या चौथ्या घाताने बदलते. ३०० केल्विनचं कवच ३५ केल्विनला आलं तर त्याचं प्रारण पाच हजार पटींहून जास्त घटतं. स्पिट्झरच्या सूर्याकडच्या बाजूला सौरपट्ट्यांची सावली होती आणि पाठीमागच्या बाजूला काळा लेप. बाहेरचं कवच खरोखरच ३५ केल्विनच्या आसपास आलं. ८५ सेंटिमीटरची बेरिलियमची दुर्बीण सुमारे सहा आठवड्यांत ५.५ केल्विनपर्यंत उतरली. टाकीत हेलियम होता जेमतेम ५० किलो. एक किलो हेलियम बाष्प होताना सुमारे २१ हजार जूल उष्णता नेतो. पावणेसहा वर्षांचा हिशोब केला तर टाकीत येणारी सरासरी उष्णता सहा मिलिवॉटही भरत नाही. त्यातलीही बरीचशी उपकरणांच्या चालण्याचीच होती. बाहेरच्या उष्णतेची वाट जवळजवळ बंद झाली होती.

२५ ऑगस्ट २००३ रोजी डेल्टा अग्निबाणाने स्पिट्झर वर गेली. तिचं वजन एक टनाच्या आत होतं, हेलियम जुन्या आराखड्याच्या दहाव्या हिश्शाइतका आणि खर्च त्या अंदाजाच्या निम्म्याहून कमी. आरसा मात्र तेवढाच राहिला. युरोपच्या आयएसओ दुर्बिणीला १९९५ ते १९९८ अशा अडीच वर्षांसाठी दोन हजार लिटरहून जास्त हेलियम लागला होता, ही तुलना पुरेशी बोलकी आहे. २००५ मध्ये स्पिट्झरने दुसऱ्या ताऱ्यांच्या ग्रहांचं प्रारण पहिल्यांदा थेट मोजलं. २००९ मध्ये तिच्या निरीक्षणांतून शनीभोवतीचं, फीबी उपग्रहाच्या कक्षेतलं अजस्र कडं सापडलं. २००६ मध्ये लो यांना ब्रूस पदक मिळालं.

हेलियम संपल्यानंतर

आयरासचा हेलियम संपला तेव्हा मोहीम संपली. स्पिट्झरचा संपला तेव्हा ती फक्त ३० केल्विनच्या जवळपास चढली. अवकाशाची थंडी तिला मिळतच होती. सर्वांत आखूड तरंगलांबीचे दोन संवेदक त्या तापमानाला उत्तम चालत होते आणि त्यांच्यावर मोहीम आणखी दहा वर्षांहून जास्त, ३० जानेवारी २०२० पर्यंत चालली. ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवतीच्या सात पृथ्वीएवढ्या ग्रहांची जी घोषणा २०१७ मध्ये झाली, तिचा कणा स्पिट्झरने याच काळात केलेली निरीक्षणं हा होता. लो यांनी हेलियम वाचवण्यासाठी जे केलं, त्याने हेलियमशिवायचं आयुष्यही दिलं. हे पाहायला ते नव्हते. हॉवर्डन यांचंही निधन २००९ मध्येच झालं. नासाने त्यांना मरणोत्तर पदक दिलं.

जेम्स वेब दुर्बिणीचा ६.५ मीटरचा आरसा मावेल असा ड्युअर कुणी बनवू शकत नाही. तीही २५ डिसेंबर २०२१ रोजी खोलीच्या तापमानालाच निघाली आणि पाच पदरी छत्रीच्या सावलीत गार झाली. तिच्यातल्या मिरी या उपकरणाला ७ केल्विनच्या खाली राहावं लागतं. तिथे बंद नळ्यांतून फिरणारा हेलियम यंत्राने गार केला जातो, म्हणून तो संपत नाही. मिरीच्या अमेरिकी वैज्ञानिक गटाचं नेतृत्व जॉर्ज रीकी यांनी केलं. दुसऱ्या महत्त्वाच्या उपकरणाचं, नियरकॅमचं, नेतृत्व मार्सिया रीकी यांच्याकडे होतं. दोघेही अ‍ॅरिझोना विद्यापीठाचे. लो यांच्या प्रयोगशाळेतली सवय या माणसांतून पुढे गेली.

आपल्याकडेही ही परंपरा आहे. मुंबईच्या कुलाब्यातल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हैदराबादहून प्रचंड फुग्यांना बांधून १०० सेंटिमीटरची दुर्बीण वातावरणाच्या वरच्या थरात पाठवली. तिच्यातले बोलोमीटर द्रवरूप हेलियम-३ वापरून ०.३ केल्विनला नेलेले होते. तारे जन्मणाऱ्या ढगांचे दूर-अवरक्तातले नकाशे त्यांनी काढले. ड्युअर, निर्वात आणि गळती शोधणं यांची ही कौशल्यं या देशात आहेत. बाहेरच्या वाचकांपर्यंत ती पोहोचलेली नाहीत आणि आपल्या विद्यापीठांच्या मोजपट्टीत ती बसत नाहीत. बढतीसाठी शोधनिबंध मोजले जातात. हेलियम गळू न देणारा सांधा बनवणाऱ्या तंत्रज्ञाचं नाव त्या निबंधांत अनेकदा नसतं.

लो यांच्या कारकिर्दीतून मला एकच गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. त्यांना आकाशाचे प्रश्न पडत होते आणि त्यांची उत्तरं देणारी वस्तू ते हाताने बनवू शकत होते. ही दोन कामं त्यांनी कधी वेगळी मानली नाहीत. त्यामुळेच तीस वर्षांनी, स्वतः रूढ केलेल्या ड्युअरमधला प्रत्येक किलो कशासाठी आहे, हे ते विचारू शकले. केवळ वापरणाऱ्याला तो प्रश्न सुचला नसता, कारण त्याला ड्युअर म्हणजे ठरलेली वस्तू वाटली असती. आपल्या भौतिकशास्त्राच्या विभागांत निर्वाताचा पंप आणि लेथ यांना फळ्याइतकीच प्रतिष्ठा मिळाली, उपकरण बनवणाऱ्या विद्यार्थ्याला त्या उपकरणावर डॉक्टरेट मिळू लागली आणि ते बनवायला मदत करणाऱ्या तंत्रज्ञाचं नाव पहिल्या पानावर आलं, तर असे प्रश्न विचारणारी माणसं इथेही तयार होतील. त्यासाठी लागणारी बुद्धी आपल्याकडे आहे. तिला हाताने काम करायची मुभा द्यायला हवी.